आफ्रिकेत सेवेला जाणाऱ्यांनी आधी भाषा शिकावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर २०२१ ते ऑगस्ट २०२३ या काळात मी मलावी देशाच्या दक्षिण भागात, मुलांजे पर्वताच्या पायथ्याजवळील एका खेड्यात, ख्रिस्ती मिशनच्या आरोग्य केंद्रात स्वयंसेविका म्हणून काम केले. मी डॉक्टर नाही, परिचारिकाही नाही. माझे शिक्षण हिशेबाचे असल्याने औषधांच्या कोठीची नोंद ठेवणे हे काम माझ्याकडे आले. परतल्यापासून चर्चमधील अनेक तरुण मला भेटून ‘तिकडे कसे असते’ असे विचारतात, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मनात दोन-तीन आठवड्यांसाठी गटाने जाऊन सेवा करून यावे असा बेत असतो. त्यांची तळमळ खरी आहे, म्हणूनच मला जे वाटते ते आडपडदा न ठेवता लिहिते. ज्यांना जायचे आहे त्यांनी किमान एक वर्षासाठी जावे, पहिले काही महिने केवळ भाषेला द्यावेत आणि तेथील चर्चच्या हाताखाली काम करावे. ज्यांना इतका वेळ देता येत नाही त्यांनी प्रवासाचे पैसे तिकडच्या चर्चला पाठवावेत. असे मी का म्हणते, हे तिथल्या रोजच्या दिवसाचे वर्णन केल्याशिवाय पटणार नाही.

दिवस उजाडण्याआधीच अंगण झाडल्याचा आवाज कानी येतो. घरोघरी मातीचे अंगण झाडूने रेघा उमटतील असे स्वच्छ केले जाते, आणि त्याच सुमारास स्त्रिया बादल्या घेऊन हातपंपाकडे निघतात. वाटेत जो भेटेल त्याला थांबून विचारायचे, ‘म्वाद्झुका ब्वांजी?’, म्हणजे आपण कसे उठलात? उत्तर यायचे, ‘न्दाद्झुका ब्विनो, काया इनू?’, म्हणजे मी बरी उठले, आणि आपण? एवढे झाल्याशिवाय कामाची गोष्ट काढायची नसते. दुपारनंतर हाच प्रश्न दिवस कसा गेला असा होतो. कोणाच्या दारात गेल्यावर कडी न वाजवता ‘ओडी’ असे म्हणायचे आणि आतून ‘ओडिनी’ असे ऐकू येईपर्यंत बाहेर उभे राहायचे. पहिल्याच आठवड्यात मी सकाळी थेट कोठीत शिरून सहकाऱ्याकडे नोंदवही मागितली. त्याने वही दिली, काही बोलला नाही. चार दिवसांनी रात्रपाळीच्या पहारेकऱ्याने मला हळूच विचारले, ‘अमाई, तुम्ही आमच्यावर कशासाठी रागावला आहात?’ आई या अर्थाच्या त्या संबोधनात आदर होता, म्हणून तो प्रश्न अधिकच लागला. मला कामाची घाई होती एवढेच, पण त्यांच्या दृष्टीने मी माणसांना ओलांडून वहीकडे गेले होते.

माझ्याबाबतीत आणखी एक गोष्ट होती. मी भारतीय असल्याने लोक मला ‘म्वेन्ये’ म्हणत, आणि दुकान कधी उघडणार असे पुष्कळांनी मनापासून विचारले. पूर्वी मलावीच्या खेडोपाडी भारतीय वंशाच्या व्यापाऱ्यांची दुकाने असत. १९७० च्या दशकात अध्यक्ष हेस्टिंग्ज बांडा यांच्या राजवटीने त्यांना ग्रामीण भाग सोडून मोठ्या शहरांत जायला लावले. वृद्ध माणसांना ती दुकाने आठवत होती, काही आठवणी गोड होत्या, काही उधारीच्या आणि अपमानाच्याही होत्या. मी या सर्व इतिहासाबद्दल अजाण राहून तेथे पोहोचले होते. ज्या समाजात आपण जातो त्याच्या मनात आपल्यासारख्या चेहऱ्याची एक जुनी नोंद असते, आणि ती वाचायला दोन आठवडे पुरत नाहीत.

भाषा मला एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांनी शिकवली. त्यांच्या ओसरीवर रोज दुपारी दोन तास, असे साडेतीन महिने. चिचेवा भाषेत नामांचे वर्ग असतात आणि नामाच्या वर्गाप्रमाणे विशेषण, क्रियापद, सर्वनाम सगळ्यांची सुरुवात बदलते. मराठीत तीन लिंगे सांभाळणाऱ्या माणसालाही ते अवघड जाते. शिकवणीचे मानधन त्यांना क्वाचांत मिळत असे. त्या देशाच्या चलनाच्या नावाचा अर्थ ‘पहाट’ असा आहे, हे त्यांनीच पहिल्या दिवशी अभिमानाने सांगितले.

या साडेतीन महिन्यांत मी कामाच्या मोजमापाने काहीच केले नाही, आणि मला पाठवणाऱ्या मंडळींनी त्याबद्दल नापसंतीही कळवली. पुढे जे घडले ते मात्र त्या महिन्यांमुळेच घडले. हिवतापाच्या रुग्णाला आर्टेमेथर आणि ल्युमेफँट्रिन यांची एकत्र गोळी देतात. तिच्या सहा मात्रा तीन दिवसांत पूर्ण घ्याव्या लागतात. औषधे देणाऱ्या सहकाऱ्याशेजारी बसून मी नोंदी करत असे. एक आई आठच दिवसांत त्याच मुलाला पुन्हा तापाने फणफणलेले घेऊन आली. औषध दिले का, असे विचारल्यावर ‘हो’ म्हणाली, आणि दुभाष्याने तेवढेच सांगितले असते. ती बाहेर पडली तशी मी व्हरांड्यात तिच्याशेजारी जाऊन बसले आणि मुलांची चौकशी करू लागले. तेव्हा तिने सांगितले की दुसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून उरलेल्या गोळ्या तिने चिटेंजेच्या, म्हणजे कमरेला गुंडाळायच्या कापडाच्या, गाठीत बांधून ठेवल्या, कारण धाकटीलाही ताप येणार हे तिला ठाऊक होते आणि पावसात नदी ओलांडून पुन्हा येता येईल याची खात्री नव्हती. तिचे ‘हो’ खोटे नव्हते. तिने औषध दिलेच होते. सहकाऱ्याला हे सांगितल्यावर त्याने त्या दिवसापासून प्रत्येक आईला शिल्लक गोळ्यांबद्दल आणि घरातल्या इतर मुलांबद्दल विचारायला सुरुवात केली.

भाषेचे हे महत्त्व मिशनच्या तिथल्या इतिहासातही ठळकपणे दिसते. स्कॉटलंडच्या चर्चांनी १८७५ मध्ये मलावी सरोवराच्या काठी लिव्हिंगस्टोनिया मिशन आणि १८७६ मध्ये ब्लँटायर मिशन सुरू केले. लिव्हिंगस्टोनियाचे पहिले ठाणे केप मॅकलियर येथे होते. तिथे हिवतापाने इतकी माणसे गेली की ठाणे आधी बंडावे येथे आणि नंतर १८९४ मध्ये उंच पठारावर हलवावे लागले. या मिशनचा इतिहास सांगताना त्याचे दीर्घकाळचे प्रमुख, स्कॉटिश मिशनरी डॉ. रॉबर्ट लॉज यांचे नाव सगळे घेतात, आणि ते योग्यच आहे. पण १८७६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील लव्हडेलच्या शाळेतून जे चार आफ्रिकी स्वयंसेवक तिकडे गेले, त्यांतील विल्यम कोयी यांच्याविषयी आपल्याकडे कोणी बोलत नाही. कोयी खोसा भाषिक होते. सरोवराच्या पश्चिमेकडील लढवय्या न्गोनी लोकांची भाषा त्यांच्या भाषेच्या जवळची होती, त्यामुळे न्गोनींच्या दरबारात ते दुभाष्याविना बोलू शकत. जे दार युरोपीय मिशनऱ्यांना उघडत नव्हते ते त्यांच्या बोलण्याने हळूहळू उघडले. १८८६ मध्ये त्याच लोकांत त्यांचा मृत्यू झाला. ब्लँटायरचे डेव्हिड क्लेमंट स्कॉट यांनी तर १८९२ मध्ये चिचेवाच्या अगदी जवळच्या मांगान्जा भाषेचा मोठा शब्दकोश प्रसिद्ध केला. त्या काळी बोटीने महिनोन्महिने प्रवास करून पोहोचणारी माणसे भाषेला वर्षे देत होती. आज विमानाने एक-दोन दिवसांत पोहोचता येते, म्हणून भाषेची गरज संपली असे आपण धरून चाललो आहोत.

आरोग्य केंद्र चालवण्यासाठी तिथे परदेशी माणसांची आवश्यकता असते, हाही एक दृढ समज आहे. मलावीतील चर्चांची रुग्णालये १९६६ पासून ख्रिस्ती आरोग्य संघटनेत एकत्र आलेली आहेत. त्यांच्या कर्मचाऱ्यांचे पगार सरकार देते, आणि माता व बालकांवरील उपचार मोफत व्हावेत म्हणून सरकार त्यांच्याशी करार करते. आमच्या केंद्रातील सर्व परिचारिका, वैद्यकीय सहायक आणि प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ मलावीचेच होते. गावोगावी सायकलवरून फिरणाऱ्या आरोग्य सेवकांना लोक एचएसए (हेल्थ सर्व्हेलन्स असिस्टंट) याच अक्षरांनी ओळखतात. पाच वर्षांखालील मुलांची तपासणी झाडाखाली होई. फांदीला काटा टांगायचा, मूल झोळीत बसवायचे, वजन आईच्या हातातील आरोग्यपुस्तिकेत लिहायचे, मग दंडाभोवती रंगीत पट्टी गुंडाळायची. घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की पट्टी लाल दाखवते आणि त्या मुलाला शेंगदाण्याची पौष्टिक पेस्ट सुरू होते, तिला तिकडे चिपोंडे म्हणतात. हे सगळे ती माणसे माझ्याआधी करत होती आणि आजही करत आहेत. माझ्या वाट्याला आले ते प्रत्येक औषधाच्या नोंदीच्या कार्डावर आलेले, दिलेले आणि उरलेले लिहिणे, आणि महिनाअखेर पुढची मागणी वेळेत तयार करणे. हे काम कंटाळवाणे वाटेल. पण पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल असतो, जानेवारीपासून हिवतापाचे रुग्ण एकदम वाढतात आणि नेमका तेव्हाच रस्ता चिखलात रुततो. मागणी डिसेंबरमध्ये गेली नाही तर फेब्रुवारीत कोठी रिकामी असते. रिकाम्या कोठीसमोर उभ्या राहिलेल्या आईला ‘उद्या या’ असे सांगण्याची वेळ माझ्यावर एकदा आली, आणि त्यानंतर एकही महिना मी मागणी लांबू दिली नाही.

त्याच महिन्यांत घरातील मकाही संपलेला असतो. नवे पीक एप्रिलमध्ये हाती येते, तोवर कणग्या रिकाम्या. दिवसातून एकदाच न्सिमा होते. मक्याच्या पिठाचा हा घट्ट गोळा, त्याबरोबर भोपळ्याच्या पानांची किंवा सुक्या बारीक माशांची न्दिवो. अशा दिवसांत शेजारच्या आजीबाईंनी मला जेवायला बोलावले तेव्हा मी जेवण झाले आहे असे सांगून टाळले. त्यांच्या घासातला घास घेऊ नये, असा माझा विचार. माझ्या भाषाशिक्षकांना हे कळले तेव्हा ते प्रथमच माझ्यावर चिडले. ‘घेणारी तू आणि देणारी ती, असे एकदा तरी होऊ दे,’ असे ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन ‘ओडी’ म्हटले. त्या घरी हातावर पाणी घालून घेऊन, चटईवर बसून जेवले, त्यानंतरच आजीबाई माझ्याकडे मीठ मागायला मोकळेपणाने येऊ लागल्या.

आता हातपंपाविषयी. गावातला पंप आफ्रिदेव प्रकारचा होता. खेड्यातील लोकांना स्वतः दुरुस्त करता यावा अशाच हेतूने त्याची रचना केलेली आहे. एका पान्याने तो उघडतो, आणि सर्वांत लवकर झिजणारी वस्तू म्हणजे दट्ट्यावरची रबरी चकती, जिला यू-सील म्हणतात. ती झिजली की दांडा कितीही हलवला तरी पाणी उशिरा आणि थोडे येते. २०२२ च्या ऑक्टोबरात, म्हणजे पावसाआधीच्या सर्वांत कडक उन्हाच्या महिन्यात, आमचा पंप असा मंदावला आणि मग बंदच पडला. स्त्रिया ओढ्याकाठच्या उघड्या खड्ड्यातून पाणी आणू लागल्या. देशात तेव्हा पटकीची साथ सुरू होती. त्या साथीने पुढे सतराशेहून अधिक बळी घेतले.

नेमक्या त्याच आठवड्यांत परदेशातून एक गट सेवेसाठी आला होता. त्यांनी शाळेच्या दोन भिंती रंगवल्या, मुलांबरोबर गाणी म्हटली, पुष्कळ छायाचित्रे काढली आणि निरोप घेताना ते खरोखर रडले. त्यांच्या प्रेमाविषयी मला शंका नाही. पण रंगकामासाठी लागणारे पाणीही त्याच खड्ड्यातून मुलींनी वाहून आणले होते, आणि गावातले दोन रंगारी त्या काळात बिनकामाचे बसून होते. पंप बंद आहे हे गटातील कोणालाही कळले नाही, कारण त्यांच्यासाठी बाटलीबंद पाणी येत होते आणि त्यांना सांगायचे म्हटले तरी कोणाच्या भाषेत सांगणार?

मी पाकीट काढून यू-सील आणायला निघाले. पाणी समितीच्या अध्यक्ष बाईंनी मला थांबवले. काही वर्षांपूर्वी एका परदेशी संस्थेने हा पंप दोनदा फुकट दुरुस्त करून दिला होता, तेव्हापासून घरटी वर्गणी देणे बंद झाले आणि समितीचा डबा रिकामा पडला. या वेळीही बाहेरच्या पैशाने काम झाले तर डबा कायमचाच बंद होईल, असे त्यांचे म्हणणे होते. त्या स्वतः रोज त्या खड्ड्यातून पाणी नेत होत्या, त्यांच्या घरी दोन लहान नातवंडे होती. बाई घरोघरी फिरल्या, गावप्रमुखाने सभा घेतली, ओसरीवरच्या बचत गटाने, ज्याला तिकडे बांकी म्खोंडे म्हणतात, थोडे पैसे उसने दिले. अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत मी आरोग्य सेवकाबरोबर दारोदारी पाण्यात टाकायचे क्लोरीन पोहोचवले, कारण तेवढेच मला मागितले गेले होते. ते दिवस मला फार कठीण गेले आणि आपण चूक करतो आहोत असे रोज रात्री वाटे. बाराव्या दिवशी शेजारच्या गावातील कारागीर सायकलवरून आला आणि तासाभरात पंप सुरू झाला. मी तिथे असेपर्यंत वर्गणी पुन्हा थांबली नाही.

मदत या शब्दाला त्या भागात एक जखमही जोडलेली आहे, ती आपल्या तरुणांनी जाण्यापूर्वी समजून घेतली पाहिजे. ‘थांगाटा’ या शब्दाचा मूळ अर्थ मदत, शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या शेतात केलेले साह्य. वसाहतकाळात गोऱ्या मळेवाल्यांनी हाच शब्द आपल्या जमिनीवर राहणाऱ्या कुळांकडून भाड्यापोटी सक्तीने करवून घेतलेल्या कामासाठी वापरला. मागोमेरो येथील अशाच एका मोठ्या मळ्याची मालकी प्रसिद्ध मिशनरी व प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या नातवाकडे होती. या अन्यायाविरुद्ध जानेवारी १९१५ मध्ये ज्यांनी उठाव केला ते जॉन चिलेंब्वे स्वतः पाद्री होते. १९०० मध्ये त्यांनी चिराद्झुलू येथे आपले मिशन उभारले होते. उठाव फसला, त्यांना गोळी घातली गेली, आणि आज त्यांचे चित्र मलावीच्या नोटांवर आहे, १५ जानेवारीला त्यांच्या नावाची सुट्टी असते. सुवार्ता आणि मळा ही दोन्ही एकाच बोटीतून आली, हे तिथला ख्रिस्ती माणूस विसरलेला नाही, आणि तरीही तो ख्रिस्ती आहे. त्याचा विश्वास आपण नेऊन दिलेला नाही. रविवारी तीन-तीन तास चालणारी उपासना, एकामागून एक उभे राहणारे गायकवृंद, दानाच्या वेळी पैशाऐवजी मक्याची टोपली किंवा कोंबडी घेऊन पुढे येणाऱ्या बाया, हे ज्याने पाहिले त्याला आपण इथे काय शिकवायला आलो, असा प्रश्न पडतो. मला तरी पडला.

मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळ आले. दक्षिण मलावीत सहाशेहून अधिक मृत्यू नोंदले गेले आणि पाचशेहून अधिक माणसे बेपत्ता झाली. पर्वतावरून दगडगोटे आणि चिखल वाहून आला, रस्ता तुटला, आणि कित्येक दिवस बाहेरून कोणीच पोहोचू शकले नाही. चर्चच्या इमारतीत कुटुंबे दाटीवाटीने राहिली. पहिल्या रात्रीच म्वानोच्या स्त्रियांनी, म्हणजे चर्चच्या महिला मंडळाने, भांडी आणि सरपण गोळा करून पेज शिजवली. मी वहीत कुटुंबांची यादी करत होते. मंडळातील एका वडील बाईंनी माझी यादी ऐकली आणि माझ्याकडून सुटलेली चार घरे सांगितली. एका घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी होती, दुसऱ्यात बाळंतीण होती. अशी यादी त्यांच्या मनात पन्नास वर्षे तयार होत होती. त्यानंतरच्या आठवड्यांत अंत्यविधी रोजच होते. तिकडे मालिरो असेल तेव्हा सगळे गाव काम थांबवते, पुरुष कबर खणायला जातात, स्त्रिया मृताच्या घरी जमिनीवर बसून राहतात. मी नुसती बसत असे. बोलायचे काही नसे. पण मी आले होते हे मोजले जाई, आणि जी आली नाही तिचे न येणेही मोजले जाई.

थोड्या दिवसांच्या भेटीने जाणाऱ्याचे मन बदलते, तो पुढे आयुष्यभर दान देतो, असा युक्तिवाद मी ऐकला आहे. काहींच्या बाबतीत तो खरा असेल. मात्र आपल्या मनःपरिवर्तनाचा खर्च ज्या गावाने पाहुणचारात, वेळेत आणि वाहून आणलेल्या पाण्यात उचलावा असे आपण म्हणतो, त्या गावाला आपण कधी विचारले आहे का?

म्हणून स्वयंसेवक पाठवणाऱ्या चर्चांना व संस्थांना आपल्या पत्रामार्फत माझी विनंती आहे की त्यांनी आधी तिथल्या स्थानिक चर्चला पत्र लिहून त्यांना कोणते काम करून हवे आहे ते विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. माझ्या पत्राचे उत्तर यायला सात महिने लागले होते, आणि त्यात गायन नव्हते, रंगकाम नव्हते, कोठीचा हिशेब बघणारे कोणीतरी हवे एवढेच होते. पाठवल्या जाणाऱ्या व्यक्तीच्या खर्चात भाषाशिक्षकाचे मानधन पहिल्या दिवसापासून धरावे. त्या महिन्यांत अहवाल मागू नयेत, छायाचित्रे तर मुळीच मागू नयेत. जाणाऱ्याने हिवतापाची प्रतिबंधक औषधे आणि मच्छरदाणी यांबाबत हयगय करू नये, कारण आजारी पाहुणा हा गावावर आणखी एक भार असतो. मी स्वतः दुसऱ्या पावसाळ्यात आठ दिवस तापाने पडून होते, तेव्हा पाणी समितीच्या त्याच अध्यक्ष बाई रोज सकाळी माझी बादली भरून दाराशी ठेवत असत.

आपली नम्र,
एक वाचक